तीन नंबरची घंटी

ऑफिसात त्याला सगळे कंपाउंडर म्हणत. औषधांशी त्याचा संबंध डोकेदुखीच्या गोळीपुरताच. पण कॉम्प्युटरची कसलीही तक्रार घेऊन जा, हा आधी ठरलेले तीन डोस देणार. बंद करून चालू करा. ब्राउझरमधला जुना कचरा साफ करा. नाहीच जमलं तर दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. खरे डॉक्टर, म्हणजे इंजिनियर लोक, मुख्य ऑफिसात बसत आणि फोनवर कधी सापडत नसत. त्यामुळे पार्सल कंपनीच्या या शाखेतल्या सगळ्या मशिनींची नाडी याच्याच हातात होती. नावाचा त्याला राग नव्हता. उलट कोणी नवीन माणूस ‘सर’ म्हणाला की साहेब आले की काय म्हणून हा मागे वळून बघायचा.

स्वभावानं गरीब, कामाला वाघ, पण एक खोड होती. काय बिघडलं होतं ते तो कोणाला सांगत नसे. मशीन सुरू करून द्यायचा, खुर्चीतून उठायचा आणि म्हणायचा, “झालं.” काय झालं, कशामुळे झालं, परत झालं तर काय करायचं, असं कोणी विचारलं तरी उत्तर एकच. “झालं म्हणतो ना.” लोकांना वाटे, कामाचा माणूस, बोलत कमी. खरं कारण वेगळं होतं. दहातल्या चार वेळा बिघाड त्यानंच कधीतरी करून ठेवलेल्या सेटिंगचा असे, आणि स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानं सांगणं त्याच्या जिवावर येई. कोणाच्या येत नाही?

समोर बुकिंगच्या तीन खिडक्या. काचेपलीकडे गिऱ्हाइकं, अलीकडे मशिनी, हेडफोन, शिक्के आणि चिकटपट्टीची रिळं. तीन नंबरच्या खिडकीवर ताई बसत. वयानं सगळ्यांत मोठ्या, म्हणून सगळ्यांच्या ताई. कंपाउंडरही त्यांना ताईच म्हणायचा. त्यांची ख्याती अशी की फोनवर नुसतं “हॅलो” ऐकून त्या म्हणत, “टायरवाले ना? आज आवाज बसलाय तुमचा.” नेहमीची गिऱ्हाइकं त्यांनाच मागत. दोन नंबरवरचा पोरगेला क्लार्क तोंडानं फार चालू, तो म्हणायचा, “ताई शिंकेवरूनसुद्धा पत्ता सांगतील.”

एकदा जेवणाच्या सुट्टीत ताईंनी कंपाउंडरला हळूच विचारलं होतं, “या मशीनवर आपण काही वैयक्तिक बघितलं, तर मागाहून कोणाला दिसतं का हो?”

“छे,” तो म्हणाला. “ब्राउझर बंद केला की सगळं पुसलं जातं. तशी सोयच करून ठेवलीय मी. बिनधास्त बघा.”

तेव्हा ते अगदी खरं होतं.

त्या आठवड्यात तक्रार आली ती तीन नंबरचीच. संध्याकाळच्या पाळीला तिथे साहेबांचा भाचा बसे. त्याचं म्हणणं, बुकिंगचं पान मधेच आपोआप बंद पडतं आणि भरलेली सगळी माहिती जाते. भाच्याची तक्रार म्हणजे साहेबांची तक्रार. सोमवारी दुपारी ताई जेवायला गेल्या तसा कंपाउंडर त्यांच्या खुर्चीत बसला.

बिघाड शोधायची त्याची एक पद्धत होती. आधी सगळी दारं सताड उघडायची, मग एकेक लावत जायचं. ज्या दारापाशी मशीन कुरकुरेल तिथे चोर. तेव्हा त्यानं ब्राउझरची सेटिंग उघडली. बंद करताना सगळं पुसून टाकायची खूण काढली, म्हणजे पान कधी आणि कुठे पडलं त्याचा माग राहील. पुन्हा सुरू केल्यावर आधीची सगळी पानं जशीच्या तशी उघडावीत असं लावलं, म्हणजे पडलेलं पान समोर येईल. मग परवानग्यांची यादी काढली आणि एकेक मोकळी करत खाली आला. आवाजाच्या ओळीपाशी येऊन त्याचा हात थांबला.

आवाज बंद होता. सगळ्या पानांचा.

आणि तो त्यानंच बंद केला होता. मागे कधीतरी भाचा कामाच्या वेळात व्हिडिओ बघत होता, त्यातली जाहिरात गिऱ्हाइकांसमोर बोंबलत सुटली, साहेब तापले आणि कंपाउंडरनं जाऊन तीन नंबरवरचा सगळ्या वेबसाइटींचा आवाज एका टिचकीत बंद करून टाकला. झालं. पण बुकिंगचं पान हीसुद्धा एक वेबसाइटच की. ऑनलाइन बुकिंग आलं की तिथे घंटी वाजते. ती वाजल्यावर थोड्या वेळात बुकिंग घेतलं नाही, तर ते आपोआप दुसऱ्या शाखेकडे जातं. खिडकीवर माणसं असतात, कानाला फोन असतो, स्क्रीनवर भलतंच काही उघडं असतं. घंटीशिवाय कळणार कसं?

गेले कित्येक दिवस साहेब रोज सकाळी ताईंना धारेवर धरत होते. तीन नंबरची बुकिंगं का निसटतात? घंटी वाजते तेव्हा लक्ष कुठे असतं? आणि ताई, ज्या एरवी साहेबांनाही दोन शब्द ऐकवायला कमी करत नसत, त्या मान खाली घालून म्हणत, “चुकलं माझं. लक्ष देईन.”

घंटी वाजतच नाही, असं त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या. असं का, हा प्रश्न कंपाउंडरच्या मनात आला आणि त्यानं तो लगेच बाजूला सारला. आवाजाची परवानगी मोकळी केली, एक खोटं बुकिंग टाकून पाहिलं. टिंग टिंग. छान वाजली. तेवढ्यात ताई रुमालाला हात पुसत आल्या.

“काय झालं होतं हो?”

तोंडाशी आलं होतं. आत्ता सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. ताईंनी चार शिव्या दिल्या असत्या, साहेबांनी आठ, विषय मिटला असता. पण हा उठला आणि म्हणाला, “काही नाही. झालं.” आणि आपल्या जागेवर जाऊन उगाचच एक चांगली वायर सोलत बसला. पुसायची खूण काढलीय, पानं पुन्हा उघडतील, हे सांगायचं तर त्याच्या डोक्यातही आलं नाही. ते डोकं स्वतःची लाज लपवण्यात गुंतलं होतं.

मंगळवारी सकाळी साहेब केबिनबाहेरच उभे होते. सगळे जमले होते. दोन नंबरवाल्यानं रोजच्यासारख्या तिन्ही मशिनी सुरू केल्या. ताई भिंतीकडच्या कपाटातून शिक्के काढत होत्या, खोलीकडे पाठ करून.

तीन नंबरच्या स्पीकरमधून एक गोड बाईचा आवाज आला. “आता एक सूर वाजेल. तो ऐकू आला की हात वर करा.”

मग बारीक, शिट्टीसारखा एक सूर वाजला.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दोन नंबरवाल्याला असली संधी म्हणजे पर्वणीच. त्यानं शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. हमाल हसला, त्यानंही केला. एक नंबरवाल्या बाईंनी केला. “आता आणखी बारीक सूर,” आवाज म्हणाला. तो वाजला. साहेबांनी पण हसत हसत हात जरा वर नेला. आणि कंपाउंडरनंही केला. सगळे करताहेत म्हणून, त्या क्षणाला काही विचार न करता, त्यानंही आपला हात वर केला.

ताई शिक्के घेऊन वळल्या. बघतात तो सगळ्या खोलीचे हात वर. त्यांना वाटलं, साहेबांनी काहीतरी विचारलंय. सहलीचं असेल, पाळी बदलायचं असेल. आपलंच ऐकायचं राहिलं. त्यांनी घाईघाईनं शिक्के एका हातात घेतले आणि दुसरा हात वर केला.

तेव्हा कुठलाच सूर वाजत नव्हता.

हसू हळूहळू विरलं. दोन नंबरवाला तोंडानं चालू असला तरी मनानं वाईट नव्हता. त्यानंच पहिल्यांदा हात खाली घेतला. पण तोवर साहेब स्क्रीनपाशी पोचले होते. काल भाचा पाळीला आला नव्हता; संध्याकाळी ताईंनी हेडफोन लावून जे जे उघडलं होतं, ते सगळं ओळीनं समोर होतं. ऐकू कमी येण्याची लक्षणं. घरच्या घरी कान तपासा. यंत्र केसांखाली लपतं का. आणि शेवटचं पान, कानांनी अधू माणसाला कामावरून काढतात का.

“अच्छा,” साहेब म्हणाले. “म्हणजे घंटी वाजत होती. बाईंना ऐकूच येत नव्हती.”

ताईंचा हात अजून अर्धवट वर होता. त्या कंपाउंडरकडे बघत होत्या. रागानं नाही. आपल्याच हातून काहीतरी राहिलं असेल, तुम्ही तर सांगितलं होतं, मीच नीट बंद केलं नसेल, असं काहीतरी त्या नजरेत होतं. त्यापेक्षा त्यांनी शिक्का फेकून मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

दुपारपर्यंत निर्णय झाला. साहेबांचा सूर समजुतीचा होता, आणि तेच जास्त लागणारं होतं. वयोमानानं होतं, त्यात काय, पण लपवायला नको होतं. परवापासून ताईंनी मागच्या गोदामात लेबलं चिकटवायला बसावं. तीन नंबर भाचा सांभाळेल. गोदामात बसायला गेलेली माणसं थोड्याच दिवसांत आपणहून नोकरी सोडतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनाही.

कंपाउंडर तिथेच, दाराशी उभा होता. एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, घंटी वाजतच नव्हती. एवढंच. त्याला ते मनातल्या मनात म्हणता येत होतं. मोठ्यानं नाही. तो गेला आणि त्यानं बुकिंगचं पान का पडतं ते शोधून काढलं. भाच्यानं ब्राउझरला जोडलेलं एका फुकटच्या खेळाचं बटण निघालं. ते काढून टाकलं. सवयीनं ‘झालं’ म्हणाला आणि स्वतःचाच शब्द त्याला कडू लागला.

घरी जेवायला बसल्यावर बायकोनं ताट बघितलं आणि त्याच्याकडे बघितलं. “काय झालंय?”

“काही नाही.”

“काही नसतं तेव्हा तुम्ही माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवता. आज गप्प आहात.”

मग त्यानं सांगितलं. आधी निम्मंच सांगितलं, पानं उघडली तेवढं. तिनं आणखी वाढलं. मग राहिलेलं निम्मंही बाहेर आलं, घंटीचं.

“म्हणजे त्या बाईंना वाटतंय, आपण ठार बहिऱ्या झालो.”

“डावा कान मंद आहेच त्यांचा. लहानपणापासून, त्यांनीच आज साहेबांना सांगितलं. एवढ्यातेवढ्यानं...”

“ते मी विचारलं नाही. घंटी वाजत नव्हती, हे तुम्ही कोणाला सांगितलं?”

“वेळच आली नाही, अगं. सगळे होते, साहेब होते.”

“हात वर करायला बरी वेळ आली,” ती म्हणाली आणि उठून पाण्याचा तांब्या आणायला गेली.

घास त्याच्या तोंडातच फिरत राहिला. ताई घंटीबद्दल का बोलल्या नाहीत, त्या बाजूला सारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता समोर येऊन बसलं होतं. मशीन मुकं झालं होतं आणि त्या बाईनं दोष आपल्या कानाला दिला होता. मशीन चुकणार नाही, कारण ते कंपाउंडरनं तपासलंय, एवढा विश्वास. आवाजावर जिचं पोट, जिचं नाव, तिला त्यानं स्वतःच्याच कानांवर संशय घ्यायला लावला होता. आणि हे कळल्यावर त्यानं काय केलं? वायर सोलली.

बुधवारी ताई ड्रॉवर रिकामा करत होत्या. चष्म्याचं घर, हाताला लावायचं मलम, दोऱ्याचं रीळ, नातीनं चिकटवलेला एक चांदण्यांचा कागद. खिडकीवर गिऱ्हाइकं नव्हती. बाकीचे आपापल्या कामात होते, किंवा तसं दाखवत होते. कंपाउंडर त्यांच्याजवळ गेला, खाली वाकला आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं पुटपुटला, “ताई, ते घंटीचं... चूक माझी होती.”

ताईंनी मान वळवली. “काय म्हणालात?”

तो त्यांच्या डाव्या बाजूला उभा होता.

“घंटीचं म्हणतो...”

“इकडून या. उजवीकडून. आणि मोठ्यानं बोला, मला कमी ऐकू येतं हे आता गावाला माहीत आहे.”

तो उजवीकडे आला. दोन नंबरवाल्यानं टाइप करणं थांबवलं होतं. हमाल खोकं धरून उभा राहिला होता. केबिनचं दार उघडं होतं. हळू बोलायची सोय आता उरली नव्हती. आणि हळू बोलणं कोणासाठी होतं, तेही त्याला कळलं. ताईंसाठी तर नक्कीच नव्हतं.

“घंटी वाजत नव्हती,” तो मोठ्यानं म्हणाला. आवाज चिरकला, तरी थांबला नाही. “दोष तुमच्या कानांचा नव्हता, ताई. तीन नंबरचा आवाज मी बंद करून ठेवला होता, भाच्याच्या व्हिडिओच्या वेळी. त्यात घंटी पण बंद झाली. एकही बुकिंग तुमच्यामुळे गेलेलं नाही. आणि काल पानं उघडली ती पण माझ्यामुळे. बिघाड शोधायला मी सेटिंग बदललं आणि तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही नीटच बंद केलं होतं.”

साहेब दारात येऊन उभे होते. भाच्याचं नाव निघालेलं त्यांना आवडलं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण सगळ्यांसमोर बोललेलं परत कसं घेणार? “ड्रॉवर लावा परत,” ते ताईंना म्हणाले, कोणाकडेच न बघता. मग कंपाउंडरकडे बोट केलं. “तुम्ही आत या.”

“थांबा जरा, साहेब,” ताई म्हणाल्या. त्यांच्या हातात चष्म्याचं घर होतं, ते त्या उघडत होत्या आणि मिटत होत्या. “मी लेकीचे फोन घेणं बंद केलं होतं. तिला कळू नये म्हणून. नात बोलायला लागलीय, तिचं ऐकायचं राहिलं.” मग त्यांनी त्याच्याकडे सरळ बघितलं. “घंटीचं तुम्हाला कळलं कधी?”

“सोमवारी. तुम्ही जेवायला गेला होता तेव्हा.”

“सोमवारी.” त्यांनी मनाशी हिशेब केला. “म्हणजे मंगळवारी हात वर केलात, तेव्हा माहीत होतं.”

इतकं बोलून झाल्यावरही हे एक राहिलंच होतं. त्याला वाटलं होतं, एकदा खरं सांगितलं की हलकं वाटेल. अजिबात वाटलं नाही.

“हो,” तो म्हणाला.

टिंग टिंग, तीन नंबर वाजला. सगळ्यांची मान आपोआप ताईंकडे वळली. ताईंनी कोणाकडे बघितलं नाही. चष्मा लावला, खुर्ची ओढली, बुकिंग घेतलं, गिऱ्हाइकाला फोन लावला आणि हेडफोन उजव्या कानावर सारखा केला. पलीकडून “हॅलो” आलं. “बोला टायरवाले,” त्या म्हणाल्या, “आज आवाज बरा आहे तुमचा.” कंपाउंडर केबिनकडे गेला.

साहेबांनी त्याला झाडलं, मुख्य ऑफिसातून ताकीद आली, ते सगळं यथास्थित झालं आणि लोक विसरलेही. ताई तीन नंबरवरच आहेत. डाव्या कानात त्यांनी आता यंत्र बसवून घेतलंय, केसांखाली लपवत नाहीत. सणकून बोलणंही परत आलंय. कंपाउंडरचं नाव मात्र बदललं. दोन नंबरवाल्यानं त्याला दवंडी हे नाव ठेवलंय, कारण कुठल्याही मशीनवरून उठताना तो आता खड्या आवाजात सांगतो, काय बदललं, का बदललं, त्यानं काय होईल, तुमचं काय दिसेल, कोणाला दिसेल. ऐकायला कोणी असो वा नसो. लोक चिडवतात, तो हसतो, पण ‘झालं’ हा शब्द त्याच्या तोंडून पुन्हा कोणी ऐकला नाही.

तीन नंबरवर काम निघालं की तो उजव्या बाजूनं जातो. काम संपवतो, उभा राहतो आणि सांगतो. ताई स्क्रीनकडे बघत ऐकून घेतात. सगळं सांगून होतं.

“काय म्हणालात?” ताई विचारतात.

त्यांना पहिल्याच खेपेला नीट ऐकू आलेलं असतं. हे त्यांना ठाऊक असतं आणि त्यालाही. तो पहिल्यापासून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं, परत सांगतो.